कारच्या पुढच्या स्प्रिंगा घरी बदलायच्यात, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) कुठला घेऊ?

प्रश्न: डावी स्प्रिंग खालच्या वेटोळ्यापाशी तुटलीये. मॅकफर्सन स्ट्रट आहे (शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकच भाग). जॅक, स्टँड, सॉकेट सेट आहे. कॉम्प्रेसर तेवढा नाही. स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या मशीनने) काढू का?

उत्तर: दादा, आधी कॉम्प्रेसर, मग नट. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलेली नसताना तो नट सोडलात तर सगळा जोर तोंडावर येईल. मी २ सुट्या हुकांचा कॉम्प्रेसर वापरतो. सेफ्टी पिन (हुक स्प्रिंगवरून निसटू न देणारी खीळ) असलेलाच घ्या. हुक समोरासमोर लावा, आटे ग्रीस करा आणि हातानेच आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. एकच बाजू आवळली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. माझा एक हुक असाच बोटभर सरकला होता, त्या क्षणी हात थंड पडले होते. गन कॉम्प्रेसरच्या आट्यांना लावूच नका. स्प्रिंग वरच्या सीटमध्ये (तिचं वरचं टोक टेकतं त्या वाटीत) सैल हलायला लागली की मगच नट. तो फिरवताना स्ट्रटचा रॉडही फिरतो, म्हणून वाकडा रिंग पाना आणि रॉड धरायला ॲलन की हवी.

उत्तर २: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) राहिला! नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) बोल्ट आदल्या रात्री गंजतेलात भिजवा, जागेवर खूण करा. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबू देऊ नका, तारेने बांधा. स्प्रिंगा जोडीनेच बदला, नंतर चाकांचं अलाइनमेंट.

प्रश्नकर्ता: जोडीच मागवलीये. उजवी तुटलेली नाही, पण वय तेच. पिनवाला कॉम्प्रेसर बघतो.