गेटवरच्या वॉचमनच्या एजन्सीला लायसन्स लागतं, मग आजारी आईजवळ माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला का नको?

कोथरूडचा_पोरगा:
आईला पॅरालिसिस होऊन दीड वर्ष झालं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे. ब्युरोकडून 24 तासांच्या मावशी घेतो, आत्ताच्या सातव्या. मागच्या महिन्यात आलेल्या बाई आईला सपाट झोपवून नळीतून डाळीचं पाणी सोडायला लागल्या, मी पाणी प्यायला उठलो म्हणून दिसलं तरी. विचारलं तर म्हणे, "आधीच्या पेशंटला नळी नव्हती ओ दादा." ब्युरोनं फोनवर "एकदम ट्रेन्ड बाई आहे" सांगितलेलं, प्रत्यक्षात आधारच्या झेरॉक्सशिवाय त्यांच्याकडं काही नाही.
आता बघा, वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्यानं लायसन्स लागतं, गार्डचं व्हेरिफिकेशन आणि ट्रेनिंग लागतं. नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्यानं होते. तोच पेशंट डिस्चार्ज होऊन घरी आला की विचारणारं कोणी नाही. ब्युरोची नोंदणी आणि बायकांचं ट्रेनिंग कंपल्सरी करा, एवढंच म्हणणं आहे.

ब्युरोवाली_ताई:
नाशिकला अकरा वर्षं ब्युरो चालवते, थोडं आमचंही ऐका. लोक फोनवर काय सांगतात माहितीये? "काही नाही हो, फक्त सोबतीला बाई पाहिजे." बाई जाऊन बघते तर नळी, कॅथेटर, पाठीला पडून पडून झालेली रुपयाएवढी जखम, बेडसोर. सोबतीचा रेट कमी असतो ना, म्हणून लपवायचं आणि मग चूक झाली की ब्युरो चोर! माझ्याकडच्या निम्म्या बायका सातवी-आठवी शिकलेल्या आहेत, उद्या सर्टिफिकेट कंपल्सरी केलं की त्या घरी बसतील आणि उरलेल्यांचा रेट तुम्हाला झेपणार नाही.

रिटायर्ड_सिस्टर:
ताई, सातवीवाली बाई पण शिकते हो, मी शिकवल्यात. भरवताना डोकं 30 ते 45 डिग्री वर, त्याआधी नळीवरची खूण नाकापाशी होती तिथंच आहे का बघायचं, भरवून झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसवायचं. युरिन बॅग कायम कमरेच्या खाली. दोन तासांनी कूस. बाईला हातानं करू दिलं तर दोन आठवड्यात येतं. पण निघालेली नळी परत घालायची नाही, इन्सुलिनचा डोस ठरवायचा नाही, ते नर्स नाहीतर डॉक्टरचं काम. ही रेघ ब्युरो पण पुसतं आणि घरचे पण पुसतात, "सिस्टर, तेवढं इंजेक्शन द्या ना" म्हणत आयाला सिस्टर करून टाकतात.

जर्सीकर:
इकडं अमेरिकेत मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या एजन्सीच्या एडला, म्हणजे घरी येणाऱ्या मावशींना, किमान 75 तासांचं ट्रेनिंग लागतं, त्यातले 16 तास प्रत्यक्ष काम. म्हणजे सिस्टर म्हणतायत तेवढंच, फार काही नाही.

ब्युरोवाली_ताई:
@जर्सीकर तिकडचा तासाचा रेट पण सांगा ना, इथं तेवढ्यात दिवसभर बाई पाहिजे असते.

शिफ्टवालीची_लेक:
माझी आई हेच काम करते. सगळे 24 तास 24 तास म्हणताय, दोन तासांनी कूस बदलायची तर ती झोपणार कधी? पेशंट शांत झोपला म्हणजे हिची झोप, तीही पॅसेजमध्ये चटईवर. एका घरात तर तिच्या चटईवरच कॅमेरा रोखलेला होता. आणि व्हेरिफिकेशन म्हणताय तर घरातल्यांचं कोण करणार? एक आजोबा अंगाला हात लावायचे, ब्युरोला सांगितलं तर "पेशंट आहे गं, मनावर घेऊ नको". आईनं ते घर सोडलं आणि आठ दिवसांचे पैसे बुडाले. स्टँडर्ड लिहिणार असाल तर झोपेचे तास पण लिहा.

मिरज_मेल:
कायद्याच्या नादी लागू नका. 2019 ला ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्तीचं बिल लोकसभेत आलेलं, घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता, पुढं कायदा काही झाला नाही. आणि झाला असता तरी इन्स्पेक्टर बघणार ब्युरोची फाईल, तुमच्या आईची पाठ बघायला कोण येतंय? ती रोज तुम्हीच बघायची.

कोथरूडचा_पोरगा:
पाठ मी रोज बघतो, सर. पण कामावर गेल्यावर दहा तास कोण बघणार?
@शिफ्टवालीची_लेक तुमचं वाचून गप्प झालो. आम्ही पण एकच बाई ठेवलीय, दोन परवडत नाहीत. ब्युरो 27 हजार घेतं, मावशींच्या हातात 19 येतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आता रात्री 11 ते 5 मी बघतोय, दोन दिवस झाले, डोळे चुरचुरतायत. पण ताई, मधले 8 हजार कशाचे मग? त्यात दोन आठवड्यांचं ट्रेनिंग बसत नाही?

ब्युरोवाली_ताई:
मी एवढं कापत नाही, दुसऱ्यांचं मला माहीत नाही. पेशंट घेताना विचारायच्या प्रश्नांचा कागद आहे माझ्याकडं, नळी आहे का, वजन किती, उचलायला दुसरं माणूस आहे का असले पंधरा प्रश्न. लोक चिडतात.

रिटायर्ड_सिस्टर:
बाई रात्री कुठं झोपणार हा प्रश्न आहे का त्यात?

ब्युरोवाली_ताई:
नाही. सोळावा घालते.