माँटगोमेरी काउंटीत घर घेताना शाळेचं रेटिंग
'दहापैकी पाच रेटिंगची शाळा असेल तर तिथे घर घेऊच नका' हा इथे घर शोधणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला मला अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) दीड लाखांहून जास्त मुलांच्या सरकारी शाळा एकाच मंडळाखाली आहेत. शिक्षकांची पगारश्रेणी आणि अभ्यासक्रम श्रीमंत बेथेस्डात तोच, तुलनेने साध्या गेथर्सबर्गमध्येही तोच. रेटिंग बरंचसं परीक्षेच्या गुणांवर ठरतं, आणि गुणांमागे आईवडिलांची मिळकत असते.

पण वर्गात सोबत कोण आहे याने फरक पडतो, हेही खरं. १९७४च्या कायद्यामुळे इथे मोठ्या नव्या वसाहतींत काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखावी लागतात. त्यातली काही सरकारी गृहनिर्माण संस्था विकत घेऊन भाड्याने देते. २०१० साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की अशा घरांमुळे सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या शाळांत गेलेली गरीब मुलं गणितात खूप पुढे गेली. काउंटीने जादा पैसा दिलेल्या गरीब वस्तीतल्या शाळांमधल्या मुलांपेक्षाही पुढे! म्हणूनच शाळांच्या हद्दी, म्हणजे कुठल्या भागातली मुलं कुठल्या शाळेत जाणार हे, बदलायचा विषय निघाला की आपलेच भारतीय लोक घरांच्या किमती पुढे करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही घर जरूर बघा. आधी शाळेत जाऊन विचारा, मागे पडलेल्या मुलांसाठी तिथे नेमकं काय करतात.