लंगफिश कोरड्या चिखलात महिनोन्महिने जिवंत कसा राहतो?

चिखल्या: काल मुलीने विचारलं की तळं आटल्यावर मासे कुठे जातात, तेव्हा आफ्रिकेतला लंगफिश (फुफ्फुसं असलेला मासा) आठवला पण नीट सांगता येईना. तो खरंच पाण्याशिवाय जगतो का हो?

पाणवठा: हो, जगतो. पश्चिम आफ्रिकेतली प्रोटॉप्टेरस अ‍ॅनेक्टेन्स ही लंगफिशची जात घ्या, पूर ओसरला की चिखल तोंडाने उकरत खाली जातो, वळून तोंड वर करून गुंडाळून बसतो आणि अंगातून सोडलेला चिकट स्राव वाळून त्याच्याभोवती कोश तयार होतो, श्वासासाठी तोंडापाशी बारीक भोक तेवढं राहतं. मग स्वतःचेच स्नायू जाळत पावसाची वाट बघतो. आणि अमोनिया अंगात साठला तर विषारी ना, म्हणून त्याऐवजी युरिया करून साठवतो. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं!

चिखल्या: बापरे! मग पाण्यात असताना कल्ल्यांनी श्वास घेतो ना?

पाणवठा: कल्ले असतात पण अगदीच तोकडे. मोठा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, वर येऊ दिलं नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो.

नाईलकाठ: व्हिक्टोरिया सरोवरातला प्रोटॉप्टेरस एथिओपिकस तर २ मीटरपर्यंत वाढतो, युगांडात त्याला मांबा म्हणतात, तिथल्या बुगांडा राज्यातल्या एका कुळाचं ते कुलचिन्ह आहे. नर घरट्यातली अंडी-पिल्लं राखतो, पिल्लांना सुरुवातीला बाहेर पिसांसारखे कल्ले असतात, मुलीला त्याचा फोटो नक्की दाखवा