ऑफसाइडचं बूट: किती सेंटिमीटर खरे?

मधली_फळी
युरो २०२४ ची डेन्मार्क-जर्मनी मॅच. क्लिप परत समोर आली आणि परत चिडचिड झाली. डेन्मार्कच्या अँडरसनचा गोल त्याच्याच संघातल्या डेलेनीच्या बुटाचं टोक ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पुढे) म्हणून रद्द, आणि पाच मिनिटांत त्याच अँडरसनच्या हँडबॉलवर पेनल्टी. गोल गेला तो गेला. पण ते टोक पुढे होतं हे सांगणारं यंत्र नक्की किती सेंटिमीटरपर्यंत खरं? कॅमेऱ्यातलं कळणाऱ्यांनी लिहा. 'रेफ्री विकला गेला' वाल्यांनी दुसरा धागा काढा.

दोन_फ्रेम
आधी जुनी, हाताने रेषा मारायची पद्धत. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे दोन चित्रांत ०.०२ सेकंद. फॉरवर्ड ८ मीटर/सेकंदाने पळतोय, तर तेवढ्यात १६ सेंमी पुढे. डिफेंडर ४ ने उलटा बाहेर येतोय, अजून ८. झाले २४ सेंमी. बूट बॉलला टेकलेला असतो जेमतेम ०.०१ सेकंद, म्हणजे तो क्षण दोन फ्रेमच्या मध्ये हरवूही शकतो. फ्रेम एक अलीकडची घेतली की ऑनसाइड, पलीकडची घेतली की ऑफसाइड. रेषा कितीही बारीक मारा, काय उपयोग?

पप्पू_गोलकीपर
थोडक्यात, बूट एक नंबर लहान घाला 😄

शिट्टी_आणि_झेंडा
फ्रेमनंतरची भानगड खांद्याची, कारण खांद्याने गोल करता येतो म्हणून तोही मोजतात. पाय जमिनीवर असतो, तिथे रेषा सोपी. खांदा हवेत, त्याच्यापासून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेषा जमिनीवर उतरवावी लागते. खेळाडू वाकलेला, बाही फडफडतेय, बिंदू कुठे ठेवणार? २०१९ मध्ये अॅस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फर्मिनोची काख गाजली ती यातूनच. पुढच्या वर्षी नियमात स्पष्ट लिहिलं की हात काखेच्या खालच्या टोकापासून सुरू. त्याच्या वरचा भाग मोजायचा. शिवाय पाणी निघून जावं म्हणून मैदान मध्ये किंचित उंच असतं, तेही कॅमेऱ्यांच्या कॅलिब्रेशनमध्ये (जुळणीत) धरावं लागतं. आणि गवताच्या पट्ट्यांवरून ऑफसाइड ठरवणाऱ्यांनो, त्या गवत कापणाऱ्या यंत्राच्या आहेत, नियमाच्या नाहीत.

रंकाळ्याचा_राजा
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर लाइनमनच्या मागं अख्खी पेठ उभी असते, त्योच आमचा व्हीएआर (व्हिडिओ बघणारा पंच). निकाल दोन सेकंदात, शिव्यांसकट.

पप्पू_गोलकीपर
@राजा आपल्या फुटबॉल लीगची, आयएसएलची पहिली दहा वर्षंही व्हीएआरशिवायच गेली की. तांबडा-पांढरा कधी खायला घालताय?

दोन_फ्रेम
खाण्याचा धागा वेगळा आहे रे. सेमी-ऑटोमेटेडचं सांगतो, म्हणजे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर ऑफसाइड काढतात ती पद्धत. कतारचा २०२२ वर्ल्ड कप: छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. पहिल्याच मॅचमध्ये तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल यानेच उडवला. किकचा क्षण आता ०.००२ सेकंदात पकडतो, ८ च्या वेगाला दीड सेंमी. छान. पण शरीर अजून ५० वेळाच मोजतात, मधली जागा गणिताने भरतात. आणि बिंदू मोजकेच. बाकीचं शरीर त्यांवरून बांधलेल्या मॉडेलमधून येतं. टीव्हीवरची ती गुळगुळीत थ्रीडी बाहुली बघून लोकांना वाटतं, फोटोच आहे.

आर्सेनल_काकू
इंग्लंडच्या प्रीमियर लीगने हे एप्रिल २०२५ पासून आणलं, पण बॉलमध्ये चिप नाही. आयफोनचे कॅमेरे लावलेत मैदानाभोवती. म्हणजे किकचा क्षण चित्रावरूनच. आणि गर्दीत एकमेकांवर चढलेली शरीरं वेगळी करता आली नाहीत की गाडी परत हातरेषांवर. त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्चमध्ये, एफए कपात बोर्नमथ-वुल्व्ज, आठ मिनिटं सगळे उभे. चहा करून, पिऊन, कप धुऊन झाला असता.

शिट्टी_आणि_झेंडा
आणि यंत्र बरोबर असून माणूस चुकतो ते? सप्टेंबर २०२३, स्पर्स-लिव्हरपूल. लिव्हरपूलचा दियास ऑनसाइड, रेषाही बरोबर. पण व्हीएआरला वाटलं मैदानावर गोल दिलाय, म्हणून 'चेक कम्प्लीट'. मैदानावर दिला होता ऑफसाइड. तोच राहिला.

मधली_फळी
हेच म्हणतोय. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूला अंपायर्स कॉल आहे, यंत्राला शंका असते हे उघड मान्य. इथे बाहुली दाखवून मोकळे.

आर्सेनल_काकू
इंग्लंडमध्ये २०२१ पासून जाड रेषा होत्या की, एकमेकींना टेकल्या तर ऑनसाइड. भांडण थांबलं का? पट्टा ५ सेंमीचा केला की लोक ५ आणि ६ वर भांडतात.

मधली_फळी
भांडू देत. निदान 'आम्हाला इतकं दिसत नाही' हे कबूल तर होतं.

आर्सेनल_काकू
थांब, दूध उतू चाललंय. रात्री येते.