मदत हवी आहे : पित्ताशय काढल्यानंतर खोबऱ्याशिवाय माशाची आमटी, आणि दादर-माहीमला कमी तेलाचा डबा

आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढून नऊ दिवस झाले. ताप, कावीळ नाही, टाके कोरडे आहेत. अडतंय ते जेवणावर.

पिशवी गेली की पित्त साठत नाही, यकृतातून थोडं थोडं थेट आतड्यात झिरपत राहतं. एकदम तेलकट खाल्लं तर ते पुरत नाही, मग पोट फुगतं आणि पातळ शौचाला होतं. म्हणून दिवसभरात तेल-तूप मिळून तीन चहाचे चमचे (15 मिली), तेही पाच-सहा छोट्या जेवणांत वाटून. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, साय काढलेल्या दुधाचं ताक, वाफवलेलं सफरचंद हे सगळं पचतंय.

गोची वाटणाची आहे. आपण फोडणीचं तेल मोजतो, पण ओल्या खोबऱ्यात जवळजवळ एक तृतीयांश स्निग्धांश असतो हे विसरतो. तिला तर मासे हवेतच! बांगडा तेलकट म्हणून तूर्त बंद, ताजे बोंबील चालावेत. खोबरं न घालता आमटीला दाटपणा कशाने आणता? तांदळाचं पीठ लावलं तर चिकट होते. भाजलेला कांदा-टोमॅटो वाटून कोणी केलीय का? चिंच किती घालता?

दुसरं, पुढच्या आठवड्यापासून दुपारी घरी कोणी नसेल. दादर-माहीम भागात तेल मोजून, तिखट न घालता डबा देणारं कोणी माहीत आहे का? नुसतं ‘घरगुती’ नको, चमच्याचं माप पाळणारं हवं.