कार्तिए-ब्रेसाँ बघून काहीच वाटत नाही, असं जर्नलमध्ये लिहिलं तर चालेल का?

लेन्सकॅप
फोटोग्राफी डिप्लोमा, दुसरं वर्ष. तीन मोठे फोटोग्राफर घेऊन त्यांच्या स्टाइलबद्दल "तुला काय वाटलं" ते लिहायचंय, विकिपीडिया उतरवून आणू नका असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. मी ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ, डीॲन आर्बस आणि रघुबीर सिंह घेतलेत आणि ब्रेसाँपाशीच अडकलेय. कळतं सगळं, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा १९३२ चा फोटो, डबक्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या आत पकडलाय, मागे भिंतीवरच्या पोस्टरमध्ये पण एक नाचणारी तशीच उडी घेतेय. भारीच आहे, पण मला गणित सुटल्यासारखं "हं, जमलं" एवढंच होतं. तो माणूस कोण, कुठे निघालाय, फोटोला पडलेलीच नाही.

आर्बसचं उलट. सेंट्रल पार्कमधला तो किडकिडा पोरगा, १९६२ चा, एका हातात खेळण्यातला ग्रेनेड, दुसऱ्या हाताची बोटं वाकडी, पँटचा पट्टा खांद्यावरून घसरलेला. बघून कसंतरीच झालं, टॅब बंद केला, परत उघडला. मग वाटलं आपण लोकांकडे टक लावून बघायलाच बसलोय की काय.

रघुबीर सिंह मात्र सरळ आवडले. हावड्याचा १९९१ चा फुटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचा फोटो बघा, रस्ता आरशात पण आणि बाहेर पण, नक्की कुठे बघायचं तेच कळत नाही आणि तेच मस्त वाटतं.

तर असं खरंखरं लिहिलं तर मार्क जातील का? सगळ्यांच्या जर्नलमध्ये ब्रेसाँ देव आहे म्हणून विचारतेय.

डार्करूमवाली
मार्क नाही जाणार, पण एका फोटोवरून निकाल लावलास तर जातील. ब्रेसाँ १९४७-४८ ला भारतात होता. ३० जानेवारीला गांधीजी गेले तेव्हा तो दिल्लीतच होता, त्याच दिवशी थोडा वेळ आधी त्यांना भेटून आलेला. बिर्ला हाउसच्या गेटवरून नेहरू बातमी सांगतायत तो फोटो शोध. अंधार, दिव्याचा प्रकाश फाकलेला, सगळं हललेलं, त्यात कसली रेषा-आकारांची भूमिती. मग कुरुक्षेत्रच्या छावणीतले फाळणीचे निर्वासित बघ. यानंतरही काही वाटलं नाही तर बिनधास्त लिही.

रोल_३६
मी थोडा वेगळं म्हणेन, भूमिती आहेच आणि ती काढली तर ब्रेसाँत उरतं काय. लायकाचा छोटा कॅमेरा, ५० एमएमची लेन्स आणि क्रॉप करायचं नाही, म्हणजे फोटोच्या कडा नंतर कापायच्या नाहीत, हा त्याचा हट्ट. गंमत म्हणजे तुझा तो डबक्यावरचा फोटोच क्रॉप केलेला आहे, कुंपणाच्या फटीतून काढला होता, लेन्स पूर्ण आत जाईना म्हणून एका बाजूला फळी आली, ती कापली. हे जर्नलमध्ये टाक, मॅडम खुश होतील.

आणि आर्बसची त्या पोराची काँटॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेला कागद, बघितलीस का? बाकीच्या फ्रेममध्ये तो साधा पोरगा आहे, कमरेवर हात ठेवून पोझ देतोय, हसतोय. तिने नेमकी ती एकच उचलली. तुला जे कसंतरी झालं ते त्या पोरामुळे नाही, तिच्या निवडीमुळे झालं, त्यावर पानभर लिहिता येईल.

कोपऱ्यातला_स्टुडिओ
रोलभाऊ, म्हणजे पोराला फसवलंच की तिने. माझ्याकडे लग्नाचा अल्बम घ्यायला येणारं गिऱ्हाईक असा फोटो बघून पैसे देणार नाही 😄

डार्करूमवाली
फसवलं म्हणणं सोपं आहे हो. एडी कार्मेल, तो ब्राँक्समधला अतिउंच माणूस, आईवडील मान वर करून बघतायत तो १९७० चा फोटो, त्याला ती जवळजवळ दहा वर्षं ओळखत होती. आपल्या मुंबईतलं उदाहरण पाहिजे तर फोटोग्राफर मेरी एलन मार्कचं फॉकलंड रोड घ्या, तिथल्या वेश्यावस्तीवरचं काम. सुरुवातीला तिथल्या बायका तिच्या अंगावर कचरा, पाणी फेकायच्या, ती तरी जात राहिली, १९७८ मध्ये काही महिने तिथे काम केलं तेव्हा कुठे आत घेतलं तिला. आणि इतकं असूनही ते फोटो बघताना मला अवघड होतंच. ओळख झाली की प्रश्न मिटतो असं नाही.

रोल_३६
लेन्सकॅप, एक राहिलं. रघुबीर सिंहनी १९६६ ला जयपूरमध्ये ब्रेसाँला काम करताना जवळून बघितलंय. चौकट भरायची कशी ते तिथून उचललं, फक्त ब्रेसाँला नावडता रंग यांनी सोडला नाही, कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर काम करत राहिले. पुढे अँबॅसिडरच्या दारं-खिडक्यांतून काढलेली अख्खी मालिका आहे, ती बघ, गाडीच रस्त्याचे तुकडे पाडते. तुला ब्रेसाँ आवडतो, रंगीत असला की 😄

लेन्सकॅप
नेहरूंचा फोटो बघितला. ओके, हा लागला. पण मला तो ब्रेसाँचा म्हणून लागला की बातमीमुळे, ते ठरवता येईना, तर तसंच लिहिते. डबक्यावरचं मत बदललेलं नाही, सॉरी रोलदादा. अँबॅसिडरवाली मालिका कुठल्या लायब्ररीत मिळेल का पुण्यात? स्क्रीनवर त्या आरशांचं काही धड दिसत नाही आणि सबमिशन शुक्रवारी आहे.