मदत हवी आहे : उजनीत गळ टाकायला आणि घरच्यांना फिरवायला, दोन्हीला चालेल अशी परवडणारी होडी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

राहायला सोलापुरात, जुळे सोलापूर भागात. मूळ गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. भावकी अजून गावातच आहे, त्यामुळे जमेल तेव्हा शनिवार-रविवार आम्ही तिकडेच असतो. धरण भरलं की पाणी चुलत्यांच्या उसाच्या बांधापर्यंत येतं. एवढं पाणी दारात असून आपली स्वतःची होडी नाही, ही गोष्ट बरीच वर्षं मनात आहे. यंदा घ्यायचीच असं घरात ठरलंय. पण चौकशी करायला लागलो तसा गोंधळ वाढत गेला, म्हणून इथे विचारतोय.

वापर दोन प्रकारचा आहे. पहाटे मी आणि चुलतभाऊ गळ टाकायला जाणार. चिलापी तर मिळतेच, नशिबात असला तर कटला किंवा रोहू. विकायचं काही नाही, घरी खाण्यापुरतं. आणि सकाळी ऊन चढायच्या आत घरच्यांना एक फेरी. घरचे म्हणजे मी, बायको, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि आबा. आबांचं वय बहात्तर, गुडघे दुखतात, पण पोहायला आमच्यापेक्षा ते पक्के. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा ते ऐन तरुण होते. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमेकाठची कितीतरी गावं उठून वर आली, त्यातलंच आमचं एक. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. आमच्या जुन्या गावात फोटो काढण्यासारखं देऊळ नाही. चावडीचा चौथरा आणि दोन आडांची तोंडं तेवढी पाणी उतरल्यावर दिसतात. आबांना तिथवर जायचंय. दुसऱ्याच्या होडीत घाईघाईने नाही, आपल्या होडीतून, हवं तितका वेळ थांबून.

बजेट सगळं धरून दीड लाख, फार तर पावणेदोन. यात होडी, इंजिन किंवा मोटर, लाईफ जॅकेट, वल्ही, झाकायचं कापड सगळं आलं.

आता मी काय काय पाहिलं ते सांगतो.

थर्माकोलचा तराफा आणि ट्यूब हा विषय घरच्यांसाठी पहिल्याच दिवशी बंद केला. आमच्याकडचे भोई बांधव त्यावर बसून जाळी लावतात, पण त्यांचं अंग त्याच कामात तयार झालेलं असतं.

पत्र्याची होडी गावाजवळच करून मिळते, सगळ्यात स्वस्त पडते आणि खडकावर घासली तरी फार बिघडत नाही. वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. पण मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात तो पत्रा हाताला लागू देत नाही. आणि पाणी भरलं तर ती सरळ तळाला जाणार, हे मला खटकतं.

फायबरच्या दोन होड्या बघितल्या. एक १४ फुटी, रुंदी ४ फूट, सपाट तळाची. उभं राहून गळ फेकायला छान वाटली. दुसरी कोकणातून आलेली जुनी, १८ फुटी, समुद्रासाठी केलेली, खोल पोटाची. लाट कापेल यात शंका नाही, पण चौघांनी उचलायची म्हटलं तरी जड. फुगवट्याचं पाणी आठवड्यात पन्नास-शंभर पावलं मागे सरकतं आणि मध्ये नुसता गाळ राहतो. त्या गाळातून ती ओढत कोण नेणार?

हवेच्या बोटीचा मोह झाला होता, कारण ती डिकीत मावते. मात्र आमच्या बाजूला पाण्याखाली वेड्या बाभळीची खोडं जागोजागी आहेत.

चालवायला काय घ्यावं हेही नक्की होत नाही. पेट्रोलचं लहान आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं) इंजिन घेतलं तर त्याची किंमत होडीच्या बरोबरीने जाते. बॅटरीवरची मोटर शांत असते, मुलांना आवडेल, मासेही बुजणार नाहीत. पण वाऱ्यात ती परत आणेल का?

वाऱ्याचं एवढं विचारतोय त्याला कारण आहे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तो पट्टा आमच्या ओळखीचा. त्या दिवशी घाटावर थांबलेल्या माणसांमध्ये आमच्या भावकीतलेही होते. त्यामुळे 'स्वस्तात मस्त' असा सल्ला मला नको आहे. पैसे कमी आहेत हे खरं, पण मुलांना आणि आबांना बसवायचं ते बिनघोर बसवता यावं. मासे एखादेवेळी नाही मिळाले तरी चालेल.

ज्यांनी धरणाच्या पाण्यात होडी वापरली आहे, विशेषतः उजनीत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावं. परवान्याचं काय करावं लागतं तेही सांगा.

प्रतिसाद : भीमाकाठ

दादा, आमचं घरच मासेमारीवर आहे, केत्तूरच्या अंगाला. दोनचार गोष्टी सांगतो.

४ फूट रुंदीची घेऊ नका. मासे धरणाऱ्या दोघांना ती चालते, कारण दोघंही कसं बसायचं ते जाणून असतात. तिसरीतला पोरगा मासा दिसला की एका कडेला धावणार, आणि त्याला धरायला त्याची आई त्याच कडेला येणार. होडी कलते ती अशी. ५ फुटाच्या खाली रुंदी नको, आणि काठ पाण्यापासून निदान दीड हात वर राहिला पाहिजे, सगळी माणसं बसल्यावर.

वारं म्हणाल तर चैत्र-वैशाखात सकाळी पाणी तेलासारखं गप असतं. त्यावर भरवसा ठेवून लोक दुपारी लांब जातात. वळवाचा वारा आभाळ भरल्यावर येतो असं नाही, ढग नगरच्या बाजूला दिसत असतानाच इकडे पाणी उभं राहतं. सकाळी दहाच्या आत काठाला यायचं. घरची माणसं असली तर काठ सोडून मधोमध जायचंच नाही, काठाकाठाने जायचं. जुन्या गावाची जागा काठापासून लांब असेल तर पाणी उतरल्यावर जा, अंतर आपोआप कमी होतं. पण मग खोडं आणि भिंती वर येतात, म्हणून एक माणूस पुढे बसून वल्ह्याने पाणी चाचपत पाहिजे.

आणखी एक, जे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. आमची जाळी संध्याकाळी पडतात आणि पहाटे निघतात. वर प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की त्या ओळीवरून इंजिनाचा पंखा न्यायचा नाही. जाळं तुटलं तर आमचं नुकसान, आणि पंख्यात गुंतलं तर तुमची होडी वाऱ्यात आडवी. गावातल्या एखाद्या मच्छिमाराला पहिल्या काही वेळेला सोबत घ्या. तो पाण्याखालची विहीर अन् बांध तोंडपाठ सांगेल.

प्रतिसाद : फायबरकाम

मी होड्यांच्या साच्याच्या कामात आहे, म्हणून मापाचं बोलतो. लहान होडीत किती माणसं बसवावीत याचा एक जुना हिशेब वापरतात : फुटात लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. यात एक माणूस साधारण ६८ किलोचा धरतात. तुम्ही बघितलेली १४ बाय ४ म्हणजे ५६ भागिले १५, पावणेचारच्या आसपास. म्हणजे तीनच माणसं. १४ बाय ५ ला चार. तुम्ही पाच आहात, तेव्हा १६ बाय ५ ला हिशेब बसतो. हा आकडा शांत पाण्यासाठी आहे, वाऱ्यात तो कमीच धरायचा.

तळ पूर्ण सपाट नको, पूर्ण खोलही नको. पुढचा तिसरा हिस्सा निमुळता आणि मागे सपाट होत जाणारा तळ घ्या. पुढून लाट कापली जाते आणि मागे बसणाऱ्याला होडी हलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विकणाऱ्याला विचारा, होडी पाण्याने काठोकाठ भरली तर काय होईल? बसायच्या फळ्यांखाली आणि दोन्ही बाजूंना बंद कप्पे असून त्यात फोम भरलेला असेल तर ती बुडणार नाही, उलटी झाली तरी धरून राहता येईल. एक लिटर फोम जवळपास एक किलो वजन तोलतो, त्यावरून किती लागेल ते काढता येतं. काहीजण पैसे वाचवायला कप्प्यात साधं थर्माकोल कोंबतात. पेट्रोल सांडून आत झिरपलं की थर्माकोल विरघळतं आणि बाहेरून काही कळत नाही. पैसे देण्याआधी एखाद्या शेततळ्यात होडी मुद्दाम भरून बघा. खरा कारागीर असेल तो नाही म्हणणार नाही. पत्र्याचीच करायची झाली तरी दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या करून घेता येतात, फक्त वेल्डिंगची गळती नीट तपासावी लागते.

मोटर : बॅटरीवरची ५५ पाउंड जोराची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम तासभर. समोरून वारं असेल तर तो तास तिथल्या तिथे जातो. गळ टाकताना हळूहळू सरकायला ती उत्तम, पण घरच्यांना घेऊन एकट्या तिच्यावर अवलंबून राहू नये. ५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन तुम्हाला पुरेल. या लांबीची भरलेली होडी ताशी ९-१० किलोमीटरच्या पुढे सहज जात नाही. त्यापुढे इंजिन वाढवून फक्त पेट्रोल जळतं. मागच्या फळीची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळते का तेवढं बघून घ्या, १५ इंची आणि २० इंची अशा दोन लांबी सहसा मिळतात. आणि जलपर्णीत शिरू नका, थंड करणारं पाणी आत घ्यायची जाळी तुंबते.

बजेटमध्ये बसवायचं असेल तर होडी नवी आणि भक्कम घ्या, इंजिन जुनं पण मेकॅनिकने उघडून बघितलेलं घ्या. याच्या उलट करू नका.

प्रतिसाद : कागदपत्र

थोडक्यात. इंजिन किंवा मोटर लावली की ते यांत्रिक जलयान. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, आणि आपल्या राज्यात नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. धरण जलसंपदा विभागाचं, म्हणून भीमानगरच्या धरण व्यवस्थापन कार्यालयात लेखी अर्ज द्या. गळाने मासे धरायला कुठला परवाना लागेल ते सोलापुरातल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. तिन्ही ठिकाणी होडी घ्यायच्या आधी जा. विमाही बघा.

प्रतिसाद : उन्हाळी

हवेच्या बोटीबद्दल तुमचं मत बरोबर आहे, त्यात माझी भर : काठावर उन्हात फुगवून ठेवली तर आतली हवा तापून प्रसरण पावते आणि सांधे उकलतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा रोजचाच प्रकार. फायबरलाही ऊन बाधतं, वरचा थर भुरभुरतो. लिंबाच्या सावलीला पालथी घालून वर शेडनेट टाका.

लाईफ जॅकेट मुलांना वजनाप्रमाणे घ्या, 'मोठं घेऊ, पुढे होईल' असं करू नका. पायांच्या मधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात मूल खाली सरकतं आणि जॅकेट डोक्यावर येतं. आबांना पोहता येत असलं तरी त्यांनाही घालायला लावा. ते घालतील तर मुलं घालतील.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस डोक्यात जे घोळत होतं ते एका रात्रीत मोकळं झालं.

भीमाकाठ दादा, जाळ्यांचं तुम्ही सांगितलं ते सोन्यासारखं आहे. तुमच्या माणसांच्या पोटावर पाय देऊन मला हौस करायची नाही. गावातल्या एका काकांशी बोललो, ते सोबत यायला तयार आहेत, त्यांचा दिवस बुडेल त्याचे पैसे मी देणार.

१४ बाय ४ ची बाद केली. १६ बाय ५ चं नवीन काम करणाऱ्या दोन कारागिरांकडून दर मागवतो, फोम भरून आणि शेततळ्यात भरून दाखवायच्या अटीवर. चुलत्यांचं शेततळं आहेच. इंजिनाचे पैसे यंदा जमले नाहीत तर पहिलं वर्ष वल्ह्यांवर काढू, काठाकाठाने. भाऊ आणि मी दोघंही वल्हवतो, आणि मुलीला शिकायचंच आहे. परवान्याच्या कार्यालयांत सोमवारी रजा टाकून जातो.

एक राहिलं. आबांना होडीत चढताना गुडघा वर घेता येत नाही, आणि आमच्याकडे धक्का नाही, नुसता उतरता काठ आणि गाळ. त्यांना चढवायची काही सोय आहे का?

प्रतिसाद : भीमाकाठ

आहे की. होडी आडवी लावायची नाही, तोंड काठाला टेकवायचं. गाळावर जुनी फळी किंवा बैलगाडीची साटी टाकायची, म्हणजे पाय रुतत नाही. पुढच्या टोकाला आत एक पायरी बसवून घ्या, कारागिराला आत्ताच सांगा, नंतर जोडलेली सैल होते. एकाने मागे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून होडी दाबून धरायची. आबांना पहिलं चढवा आणि मधल्या फळीवर बसवा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. बाकीचे मग एकेक. उतरताना उलटं, ते शेवटी.